ताडपत्री

खासदार ओर्बेता आमच्या छपरावर राहतात.
वादळात पत्रा उडाला तेव्हा क्रिसांतोने
हमरस्त्यावरची त्यांची जाहिरात उतरवून
घरावर ताणली. चेहरा आतल्या बाजूला आला.
रात्री उताणं पडलं की ते वरून हसतात,
शेजारी बायको, महापौर झालेला मुलगा,
आणि पायाशी ठळक अक्षरं :
नदीचा बांध, लांबी दोनशे बारा मीटर, काम पूर्ण.
त्यांच्या दातांत एक फट पडलीय,
पाऊस आला की तिथून ठिबकतं.
खाली मी भाताचा टोप ठेवते.

बांध कुणीच पाहिलेला नाही.
त्याच काठावर आम्ही कपडे धुतो.
तिथे केळी आहेत, चिखलात रुतलेली एक रिक्षा,
नेनिताच्या बुडून मेलेल्या कोंबड्यांचा खड्डा.
तळं राखील तो पाणी चाखील, म्हणायचं
आणि आपापल्या घरातलं पाणी उपसायचं,
इतकी वर्षं हेच.

मग त्यांच्या मुलीचे फोटो मोबाइलवर आले.
बर्फाच्या कुठल्याशा गावात वाढदिवस,
मागे कपाट, कपाटात पर्सा.
फ्लोरांते मास्तरांनी किराणा दुकानाच्या दारावर
खडूने भागाकार मांडला :
एक पर्स म्हणजे एकोणीस मीटर बांध.
फोटोत पर्सा अकरा. दोनशे नऊ मीटर झाले.
"आणि उरलेले तीन?"
"केक!" मागून कुणीतरी ओरडलं.
इतके हसलो आम्ही, की दुकानदारीण बाहेर आली,
तिनेही बेरीज तपासली, तीही हसली.

माझंच हसू मध्ये अडकलं.
आई गेली तेव्हा पेटी त्यांच्याकडून आली होती.
पांढरी, आत साटीन. आयुष्यात पहिल्यांदा
आई मऊ काहीतरीवर झोपली.
"मास्तर," मी म्हटलं, "ती पेटी किती मीटरची?
तेही मांडा."
मास्तर खडू हातात धरून उभे राहिले.
त्यांच्या मुलाची नोकरीही तिथूनच आलेली.
दुकानदारीण आत गेली, उगीच तांदूळ निवडू लागली.
गल्लीत असं एक घर सापडेना
ज्याच्या हातावर त्या घराण्याने काही ठेवलं नव्हतं.

रविवारी प्रार्थना संपल्यावर निघालो तरीही.
आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांतून चिखल नेला,
ज्याच्या त्याच्या घरातला.
मी माझा आईच्या खाटेखालून खरवडला.
फाटकावर पहारेकरी आमच्याच गल्लीतला कुलास.
तो हळूच म्हणाला, "डावीकडे फेका,
उजवीकडे कालच रंग दिलाय, मला धुवावं लागेल."
म्हाताऱ्या सिंप्लिसियोने पहिला गोळा मारला
आणि सवयीने टोपी काढली.
मग टोपीकडे बघत राहिला,
जणू ती दुसऱ्याच कुणाची आहे.
माझा गोळा फाटकापर्यंत पोचलाच नाही.
दुसरा पोचला.

संध्याकाळी टीव्हीवर चौकशी.
कंत्राटदाराला एकतीस वेळा काही आठवलं नाही,
आम्ही बोटांवर मोजलं, बोटं संपली.
सुटातले एक साहेब गंभीरपणे म्हणाले,
यात कुठेतरी पाणी मुरतंय.
नेनिता म्हणाली, मुरत असतं तर बरं होतं, बाबा.
आमच्याकडे ते साचतं.

क्रिसांतो घरी आला तो कोयता घेऊनच.
ताडपत्री फाडतो, जाळतो, म्हणाला.
मी आभाळाकडे बोट दाखवलं.
बराच वेळ शिडीवर बसून राहिला.
मग दोऱ्या सोडल्या आणि ती उलटी करून बांधली.
आता ते आभाळाकडे बघून हसतात,
आत नुसती कोरी पांढरी बाजू.
धाकट्याला झोप येईना.
विचारतो, ते काका कुठे गेले?
बाहेर, मी सांगते.
फट होती तिथेच आहे, थोडी सरकली एवढंच.
टोपही मी वीतभर सरकवलाय.