शेरा

मार्च संपायला चार दिवस, आणि दिल्लीहून तक्ता आलाय.
शोधनिबंध किती. इतरांनी त्यांचा उल्लेख किती वेळा केला.
पेटंट, असल्यास.
शास्त्रज्ञामागे, रुपयामागे, दर दहा लाख डोक्यांमागे.
यातूनच म्हणे ठरेल
जगाच्या रांगेत देश कितवा उभा.

नागभीडच्या पुढे एसटी वळते
तिथे चिंचेखाली आमची पाटी.
‘संशोधन’मधला अनुस्वार गळून पडलाय.
आत एक तराजू,
दशांशाच्या चौथ्या घरापर्यंत खरं बोलणारा,
लाइन असली तर.

आम्ही लाखोळीवाले.
एकोणीस वर्षं एकच प्रश्न विचारतोय:
दाण्यातलं पाय लुळे करणारं विष किती उतरलं?
उत्तर दरसाल थोडं लहान येतं.
लहान होत जाणाऱ्या उत्तराला
तक्त्यात रकाना नाही.

लाखोळीवर लिहिणारे जगात असतील
एका जीपमध्ये मावतील एवढे.
भावकीनं लग्नपत्रिकेत एकमेकांची नावं छापावीत
तसे आम्ही एकमेकांचे उल्लेख करतो.
गव्हावाल्यांची पत्रिका मोठी,
त्यांची भावकीच मोठी.

शिशुपाल नन्नावरे बाहेर पडवीत शेंगा मोजतोय.
शंभर झाल्या की एक गोटा खिशात.
“कायचा हिसोब होय बाई?”
सांगितलं, कोणता देश किती शोधतो त्याचा.
त्यानं हात थांबवला नाही.
“मंग पायली कोनाची?”

“माह्या मामाच्या गावची पायली मोठी.
आमच्या घरून दहा मोजून नेलेले धान
थो आठ मोजे.
दोघंबी खरे.
भांडन मात्र दरसाली.”

त्याचा मोठबाप काठीवर चालायचा,
पाय कात्रीसारखे एकमेकांत पडत.
हे त्यानं मला सातव्या वर्षी सांगितलं,
तेही बिडी विझल्यावर, उठता उठता.
त्याआधीच एका डिसेंबरात
निळ्या फुलांच्या बांधीत
त्याला एक पांढरं फूल दिसलं होतं.
बंडीचा लाल धागा उसवून
त्यानं ते झाड बांधून ठेवलं.
आमचा एक्केचाळीस नंबरचा वाण त्याच धाग्याचा.
निबंधात छापलंय:
क्षेत्र कर्मचाऱ्यांचे आभार.

लिहायला बसले.
निबंध: तीन.
उल्लेख: अकरा. (चार आमचेच आम्ही केलेले.)
पेटंट: निरंक.
परदेशी सहकार्य: निरंक.
शास्त्रज्ञामागे भागायचं, तर शास्त्रज्ञ दीड.
अर्धे आठवड्यातून तीन दिवस सिंदेवाहीला असतात.

शिशुपालला कोणत्या रकान्यात घालू?
मनुष्यबळात भाजकात जातो,
आमचा आकडा खाली ओढतो.
वगळला तर आम्ही वर सरकतो,
आमच्याबरोबर, केसभर का होईना, देशही.

पेन तिथेच अडलं बराच वेळ.
पडवीत गोट्यावर गोटा पडल्याचा आवाज.
मग भाजकात त्याचं नाव लिहिलं, पूर्ण,
वडिलांच्या नावासकट,
जिथे नुसता आकडा हवा होता.

आणि शेवटचा रकाना, शेरा.
तिथे लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं:
कृपया पायली कळवावी.