तरीही पाठवा

लिएपायाच्या बंदरामागे, लाकूड निर्यात करणाऱ्या कचेरीत
मला बोलावलं ते एका बटणासाठी.
पत्र सुटण्याआधी ते वाचून बघेल,
चूक दिसली तर बाही धरून थांबवेल, असं.

तसं एक आधीच होतं.
विस्वाल्डिस नावाच्या हिशेबनिसाने
जाडजूड पुस्तक उशाशी घेऊन
एकोणीस वर्षांपूर्वी लिहिलेला मॅक्रो.
नव्या आवृत्तीत तो चालणार नव्हता.
"फेकण्याआधी एकदा वाच," साहेब म्हणाले,
गेलेल्या माणसाचं कपाट आवरायला सांगावं तसं.

वाचला.
व्हेरिएबलना नावं झाडांची, बर्च, स्प्रूस, आल्डर,
रचना म्हणाल तर गोदामात कुणी ओंडके ढकलून दिलेत.
पण प्रत्येक अटीमागे एक फजिती उभी.
"सोबत जोडले आहे" असं लिहिलंय आणि सोबत कोणीच नाही? थांब.
घनमीटरात स्वल्पविराम आणि पत्र इंग्लंडला? थांब.
(आमचं सव्वा तिकडे कुणी साडेबाराशे वाचलं होतं.
धक्क्यावर लागलेलं ते प्रचंड जहाज,
आणि समोर फळ्यांची एक चिमुकली थप्पी.)
विषयाची ओळ कोरी? थांब.
शुक्रवारी चारनंतर रागाचे शब्द? सोमवारपर्यंत ठेव.

आणि ओळ दोनशे बारा:
पाठवणारी स्काइद्रिते असेल, घेणारा मी असेन,
तर काही विचारू नकोस. जाऊ दे.

स्काइद्रिते अजून आहे, खाली, पगाराच्या खिडकीत.
लॅपटॉप उघडाच घेऊन गेले मी तिच्यापुढे,
पावतीवर सही मागावी तशी.
तिने ती ओळ दोनदा वाचली. चष्मा काढला.

"साडेअकराला मी त्याला कोरं पत्र पाठवायचे.
विषय नाही, मजकूर नाही.
म्हणजे किटली उकळली.
ते त्याचं यंत्र तीनदा हटकलं मला,
विषय लिहा, विषय लिहा,
आणि टिंग असं वाजायचं की अख्खी खोली वळून बघायची.
मग एके दिवशी हटकेनासं झालं.
मला वाटलं, बिघडलं."

मी वर आले.
हे काम दिसतं तेवढं सोपं नसतं.
तपासून झालं की "झालं" असं सांगावं लागतं,
नाहीतर पत्र उंबरठ्यावरच लटकतं,
गेलेलंही नाही, परतलेलंही नाही.
पहिल्या आठवड्यात मी ते सांगायला विसरले,
चौदा पत्रं तशी लटकली, त्यातलं एक कस्टमचं.
मग प्रमाणपत्राची मुदत संपली,
मग आज्ञापत्रातली एक जास्तीची मोकळी जागा
सबंध दुपार खाऊन बसली.

अटी एकेक करून नव्या भाषेत आणल्या.
स्वल्पविराम आणला. शुक्रवार आणला.
दोनशे बारापाशी आले आणि हात थांबला.
ज्याचा पत्ता तीन हिवाळ्यांपूर्वी बंद झाला
त्याच्यासाठीची अट कधीच चालणार नाही,
आणि जे चालणार नाही ते वाहून न्यायचं नाही,
हे मला पहिल्याच नोकरीत शिकवलेलं.
मी ती आणली नाही.
नोंदीत लिहिलं: निरुपयोगी अपवाद वगळला.
चौथा शब्द सुचला नाही.

मंगळवारी बटण सगळ्यांच्या पडद्यावर आलं.
कुणी म्हणालं रंग फिका आहे.
कुणी म्हणालं जुनं बरं होतं.

बुधवारी, साडेअकरा, माझ्याकडे एक पत्र.
विषय नाही. मजकूर नाही. सोबत काही नाही.

म्हणजे तिच्यासमोर माझी चौकट उघडली असणार,
माझ्याच रुक्ष शब्दांत विचारलं असणार,
पत्र कोरं आहे, तरीही पाठवायचं?
आणि तिने चष्मा कपाळावर सरकवून
दोहोंतलं डावं बटण दाबलं असणार.

कप विसळायचा राहिला होता.
तसाच उचलला,
जिना उतरले.