देखभालीसाठी बंद

स्कार्विकाच्या कारखान्यात मासळीचा कुटा होतो.
साठ वर्षं त्याचा वास गावभर राहिला,
पडद्यांत, पावात, लग्नाच्या कोटात.
शहरातल्या शाळेत माझ्या शेजारची जागा
नेहमी रिकामी असायची.
घरी म्हणायचे, पैशाचा वास आहे तो, नाक मुरडू नकोस.

आता धुराड्याच्या अलीकडे एक कपाट आहे, माझ्या ताब्यात:
काचेच्या नळ्या, नळ्यांत तारा,
तारांवर हजारो व्होल्टचा दाब,
आणि मधल्या पोकळीत जांभळट थरथर,
कडेलोटाआधीच अडवून धरलेली वीज.
इलेक्ट्रॉन तेवढे तापतात, सूर्याच्या कातडीहून जास्त,
हवा कोमटच.
हात ठेवून बघा नळकांड्यावर,
चहाच्या कपाइतकंही पोळणार नाही.
आत मात्र कुजक्या मासळीचा एकेक रेणू
सांध्यासांध्यातून निखळतो.
मागे ओझोनची चुणचुण,
तीही पुढच्या थरात जिरते.

दोऱ्यांवर कपडे दिसू लागले.
बसचा ड्रायव्हर काच उघडी ठेवून येऊ लागला.
अधिकारी आले, हुंगून गेले, सही केली.
एकटा आयलिफ कुरकुरत राहिला:
"वाऱ्यात आता काही लिहिलेलंच नसतं."
मी हसले. ऐंशीचा म्हातारा,
अजून एकटाच जाळी टाकतो.

नोव्हेंबरातल्या त्या रात्री धुकं असं,
की धक्क्यावरचा दिवा त्याच्या खांबालाही दिसेना.
रेडिओ खरखरला.
"यंत्र गेलंय. पडद्यावर नुसता निळा रंग.
वारा तुमच्याकडून माझ्याकडे आहे, तोरब्योर्ग,
आणि मला काही कळत नाहीये."

मागितलं काहीच नाही त्यानं.

मी मुख्य खटका खाली ओढला.
जांभळं विझलं. गुणगुण थांबली.
आत हेरिंग शिजत होते, टनावारी,
आणि धुराड्यातून माझी सगळी शाळा बाहेर पडली,
पाण्याच्या दिशेनं, सावकाश.
वारा वळला तसा थोडा वास गावातही शिरला.
खिडक्या लागल्याचे आवाज आले, एक, मग तीन.

तेवीस मिनिटांनी इंजिनाची टकटक.
मग ओला दोर धक्क्यावर आपटला.
आयलिफ वर आला नाही, शिंकरल्याचं तेवढं ऐकलं.

खटका वर.
नोंदवहीत लिहिलं:
दोन दहा ते दोन तेहतीस, देखभालीसाठी बंद.
देखभाल कशाची, असा रकाना वहीत नाही.
सकाळी अकरा तक्रारी आल्या,
एक माझ्याच आईची,
चादरी पुन्हा धुवाव्या लागल्या म्हणून.