एकोणीस नंबरची दाढ

माझं काम तोंडात बघण्याचं नाही.
माझी खुर्ची काचेच्या अलीकडे,
ड्रिलचा आवाज भिंतीतून येतो तेवढाच.
माझ्यापर्यंत माणसं आकड्यांत येतात:
उजवीकडची वरची अक्कलदाढ म्हणजे एक,
तिथून डावीकडे सोळापर्यंत,
मग खाली उतरून उलटं येत बत्तीस.

बावीस वर्षं हेच.
सरकारी विम्याचा नियम तेव्हा एका ओळीचा होता:
मोठ्या माणसांना फक्त दुखणं थांबवण्यापुरतं.
म्हणजे उपटणं.
भरलेला दात बिलावर चढत नसे,
उपटलेला चढे.
मग काय, उपटले.
बटाट्याच्या शेडमधल्या बाया, लाकडाच्या ट्रकवरचे ड्रायव्हर,
चाळिशीतच गाल आत गेलेले,
नदीपलीकडच्या कॅनडातून लग्न करून आलेल्या नवऱ्यासुद्धा
वर्षभरात हात तोंडावर धरून हसायला शिकत.

सात अधिवेशनं आमच्या लोकांनी दातांच्या कण्या केल्या.
ज्यांना होते त्यांनी.
आठव्या वेळी डॉक्टर गॅन्यन म्हणाले, बर्निस, तू जा,
आकडे तुला पाठ आहेत.
चार तास बर्फातून गाडी, आणि बोलायला दोन मिनिटं.
समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं,
या दुरुस्तीचा दरडोई खर्च किती?
मी म्हटलं, साहेब, दर डोई दात किती
ते आधी धरा.
कुणी हसलं नाही.
टिपणं घेणाऱ्या मुलीनं तेवढं वाक्य टाइप केलं,
मान खाली घालून, जरा जास्तच जोरात.

एप्रिलमध्ये विधेयक पास झालं,
कडा तासून, कवळी आठ वर्षांतून एकदा, वगैरे.
एक जुलैपासून लागू.
एक जुलैला सकाळी आठ वाजता लिओनेल डेगल आला,
टोपी हातात, इस्त्रीचा शर्ट,
जणू त्याच्याच नावानं कायदा केलाय.
डाव्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल.
एकोणीस नंबर.
परवानगीचा अर्ज मी स्वतः भरला, दोनदा तपासला.

नवव्या दिवशी परत आला.
नाकारला.
कारण: सदर दात रुग्णाच्या तोंडात नाही.

जुन्या फायली काढल्या.
चौदा वर्षांपूर्वीचा जानेवारी, उपटलेली दाढ अठरा,
मी टाइप केलेली एकोणीस.
त्या दिवशी फोन वाजत असेल,
नाहीतर शाळा लवकर सुटली असेल, पोराला आणायचं असेल.
मला आठवत नाही.
आठवायला हवं होतं.
चौदा वर्षं तो त्या दाढेनं मांस चावत होता
आणि राज्याच्या दप्तरी ती गेलेली होती,
माझ्या बोटानं.

फोनवर सांगवेना, बोलावून घेतलं.
चूक माझी, म्हटलं.
तो काही बोलला नाही.
काच सरकवली, काउंटरवर दोन्ही कोपरं टेकली
आणि आ केला.
बावीस वर्षांत पहिल्यांदा मी आत बघितलं.
कॉफीचा, पेपरमिंटचा, आणि त्याखाली आणखी कसला तरी वास.
मोज, म्हणाला,
म्हणजे उघड्या तोंडातून जेवढं म्हणता येतं तेवढं.
मी पेन्सिल धरून मोजलं, न लावता.
सतरा नाही.
अठरा नाही, ती माझ्याकडे कागदावर आहे.
आणि मग एकटीच,
काळ्या भोकासकट, हिरड्या उतरलेल्या,
हट्टानं उभी.

अपिलाच्या अर्जात चौथा रकाना असतो:
ही माहिती आपणांस कशी मिळाली?
आजवर मी तिथं लिहीत आले, दप्तरावरून.
या वेळी लिहिलं,
बघितली.

निकालाला नव्वद दिवस.
तोवर तो उजवीकडून चावेल.
उजवीकडे तीनच आहेत.
मी तीही मोजली.