तिपाई

ड्रॉवर उपसताना तीन पाय निघाले.
रास्पबेरी पाय, पत्त्याच्या पानाएवढे,
कडेला सोनेरी दात.
यामिनी म्हणाली, तीनच? मग तिपाई कर.

एक ऑफिसच्या भंगारातला, खराडीहून खिशातून आणलेला,
विचारून. निदान मी तसं सांगतो.
एक लॉकडाऊनमध्ये मागवलेला, गच्चीवरच्या टाकीचं पाणी मोजायला;
टाकी भरायची तेव्हा भरली, सांडायची तेव्हा सांडली,
मोजणारा खोक्यातच राहिला.
तिसरा भाच्याचा. जाताना म्हणाला, मामा, ठेव, येऊन नेतो.
त्याला आता म्युनिकमध्ये मुलगी झालीय.

तर ठरवलं, हॉलमध्ये पडदा लावायचा.
गाणं लागलं की त्यावर यावं
कोण गातंय, राग कुठला, तबल्यावर कोण.
कारण गेली एकतीस वर्षं
फोडणीच्या आवाजावरून उडी मारून
स्वयंपाकघरातून एकच प्रश्न येतो:
कोण रे हे?
आणि मी उठतो, दारापर्यंत जातो, सांगतो.

पडदा मेलेल्या लॅपटॉपचा.
त्याला जागं करणारी पट्टी तपकीर गल्लीत मिळाली.
दुकानदार म्हणाला, चालेल. नाही चालली तर परत घेणार नाही.
दोन्ही एकाच श्वासात.
चौकटीसाठी कर्वेनगरच्या पांचाळांकडे गेलो.
त्यांनी आवाज खाली आणून विचारलं,
हाराला खिळा वर ठेवू का?
म्हटलं, फोटो नाही हो, गाणं लावायचंय.
ते मापं घेत राहिले.

एक पाय गातो.
एक पाय चित्र काढतो.
तिसरा काहीच करत नाही,
याचं त्याला सांगतो, त्याचं याला.
प्रत्येक घरात असा एक असतोच.

गुरुवारी वीज गेली, आली,
तेवढ्यात चित्र काढणाऱ्याचं कार्ड मेलं.
रात्री दीडपर्यंत पुन्हा सगळं भरलं.
देवनागरी उमटेना. आधी नुसते चौकोन, चौकोन,
मग अक्षरं आली, पण वेलांट्या वाट चुकलेल्या,
ललितचा झाला ललति.
मला तोही ऐकावासा वाटला.

रविवारी चालू झालं.
यामिनी हात पुसत आली, वाचलं,
छान, म्हणाली, गेली.

मग प्रश्न आला नाही.
सोमवारी नाही, बुधवारी नाही.
मोहरी तडतडली, गाणं बदललं,
मी खुर्चीत अर्धा उठलेलो.
ती येता-जाता मान वळवून वाचायची,
घड्याळ बघावं तशी.

उन्हाळ्यात जुन्या कॅसेटी संगणकात उतरवल्या होत्या,
नावं न घालता, कंटाळा आला म्हणून.
काल त्यातली एक आपोआप लागली.
पडद्यावर राखाडी चौकोन, खाली
अज्ञात कलाकार
अज्ञात अल्बम
ट्रॅक चार.
तंबोरा जरा उतरलेला, पंख्याची घरघर,
मुलगी कुणीतरी, यमन.

कोण रे हे?

उठलो. दारापर्यंत गेलो.
तिचे हात कणकेत, मान तिरकी.
मध्यम घाबरत लावतेय, ती म्हणाली.
पण लावतेय हं.
मी काहीच बोललो नाही.
टेपवरची मुलगी खोकली, हसली,
म्हणाली, थांबा ना, परत घेते.

परातीतले हात थांबले.
हॉलमध्ये परत घेतलं गेलं, या वेळी मध्यम नीट.
बऱ्याच वेळानं तिनं विचारलं,
ही तुझ्याकडे कुठून आली?
आणि उत्तर यायच्या आत, गॅस बारीक कर.

नाव भरायला मिनिट लागत नाही.
आज सकाळी कीबोर्ड जोडला, ट्रॅक चार उघडला,
रिकाम्या जागेत ती उभी रेघ लुकलुकत होती.
चहा गार होईपर्यंत बघत बसलो
आणि कीबोर्ड काढून ठेवला.