चार पुठ्ठे

तनुजाच्या शाळेत मुतगेकर बाईंनी सांगितलं,
जुन्या लग्नपत्रिका घ्या, कोऱ्या बाजूला व्हॅसलीन फासा,
घरात चार जागी टांगा,
आठ दिवस कुणी हात लावायचा नाही.

एक खिडकीत, उद्यमबागेच्या धुराड्याकडं तोंड करून.
एक गॅसच्या वर.
एक ह्यांच्या शर्टाच्या खुंटीला.
चौथा परसात, बंबाच्या मागं,
दुसरी जागा सुचली नाही म्हणून.

मी म्हटलं, बरं झालं,
त्या धुराड्याचं पाप एकदाचं कागदावर उतरू दे.
अकरा वर्षं वाळवणावरची काजळी बोटानं पुसते मी
आणि गच्चीवरून एक शिवी हासडते.
ती कारखान्यापर्यंत कधी पोचत नाही,
निंगव्वाच्या गच्चीवरच पडते,
मग ती तिची एक कन्नडातली घालते वरून.

आठव्या दिवशी तनुजानं पुठ्ठे जमिनीवर मांडले,
पंगतीत पानं मांडावीत तसे.
खिडकीतला करडा. होणारच होता.
गॅसवरचा पिवळट, चिकट, फोडणीचा वास येणारा.
खुंटीवरचा चमचमत होता.
भिंगातून बघितलं तर वाळू, साच्यातली, पिठाहून बारीक.
‘आई, चांदण्या!’ म्हणाली पोर.
हे उठून पाणी प्यायला गेले.

आणि बंबामागचा.
त्याच्यावर कुणाचं लग्न छापलं होतं
ते मागून उजेडात धरूनही दिसेना.

आठवड्याच्या बारा-पंधरा दुधाच्या पिशव्या,
तुटकी स्लिपर, मिठाईच्या डब्याचं झाकण.
लाकडं ओली असली की भुर्रकन पेटतं.
आईनं शिकवलं नव्हतं हे,
माझं मीच शोधलेलं, आणि कौतुकही वाटायचं स्वतःचं.
घरात खोकला ह्यांना नव्हता.
मला होता.
कुणी काही बोललं नाही.
बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी करवंट्या, नारळाच्या शेंड्या.
पाणी कोमट होईपर्यंत पहिल्या पाळीचा भोंगा झाला.
हे गार पाण्यानंच उरकून गेले,
जाताना तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले.
मला ऐकू आलं नाही, असं मी ठरवलं.

शर्ट आता झटकत नाही.
झटकायची तेव्हा फटाक असा आवाज यायचा,
मला आवडायचा तो, दिवस संपल्याचा.
आता बादलीत बुडवते, हलवत नाही,
सकाळी तळाशी बोटभर कारखाना बसलेला असतो.
झाडण्याआधी पाण्याचा हबका मारते.
दोनदा विसरले. तिसऱ्यांदा झाडू हातात धरून थांबले.

सगळ्यात अवघड गेलं ते बारक्याला.
फाटक वाजलं की बापाच्या पोटावर उडी,
हा त्याचा तीन वर्षांचा हक्क.
आता हे आधी नळाखाली,
कोपरापर्यंत साबण, मान, कानामागं,
आणि बारका टॉवेल धरून अंगणात मोजतो,
बालवाडीत शिकलेलं, ओंदु, एरडु, मूरु…
इप्पत्तुच्या आधी ह्यांनी हात पसरले
तर रागावतो, पुन्हा पहिल्यापासून.
एकदा सतरावर दोघांचाही धीर सुटला.
मी आत पोळ्या लाटत होते. मी काही पाहिलं नाही.

निंगव्वाला पत्रिका दाखवली.
तिनं आधी तिची वाचायची बाजू पाहिली,
मग काळी. नखानं खरवडून वास घेतला.
‘एन माडली अक्का, पिशव्या मी बी जाळूलालोय की.’
मग धुराड्याकडं बघून म्हणाली,
‘आणि त्याला कुणी गार पाण्यानं आंघोळ घालायची?’
मला उत्तर आलं नाही.
धूर त्या दिवशी तिच्या गच्चीच्या बाजूला होता.

सोमवारी डबा भरताना पिशवीत हाताला काहीतरी लागलं.
आमच्याच लग्नाची पत्रिका, जपून ठेवलेली शेवटची,
मागं व्हॅसलीन, कडेपर्यंत नीट फासलेलं,
वर सुतळीचा फास.
कुठं टांगणार, विचारलं नाही.
भाकरी दुसऱ्या कप्प्यात सरकवली,
चिकटू नये म्हणून.