पीडब्ल्यूडी, बुरोंडी

मासेमारी बंदीच्या तिसऱ्या आठवड्यात
सोसायटीच्या कंप्युटरचा माउस मेला.
खाऱ्या हवेनं आतून खाल्ला त्याला,
दाराच्या बिजागऱ्या खाते तसा.
होड्या वर ओढलेल्या, झापांनी शाकारलेल्या.
दापोलीचा दुरुस्तीवाला म्हणे, सोमवारी.
आणि डिझेल परताव्याची यादी
आजच, पाचच्या आत, मत्स्यखात्याला हवी.

नाझनीन आली. मुकादम मिस्त्रींची धाकटी.
बाप इंजिनं खोलतो, ही कॉलेजात हे शिकते.
ओली छत्री कोपऱ्यात टेकवली,
दोन-तीन कळा एकदम दाबल्या
आणि सगळी चित्रं गेली. काळं.
वर डाव्या कोपऱ्यात एक बारकी रेघ
उघडझाप करत उभी.
"बंद पडला का गं?"
"नाही हो हेमाताई. वाट बघतोय."
"कुणाची?"
"तुमची."

सतरा वर्षं या खुर्चीत बसते,
माझी वाट बघणारं हे पहिलंच कुणी.

"लिहा, पीडब्ल्यूडी."
मला हसू फुटलं.
पीडब्ल्यूडी म्हणजे आमच्याकडे बांधकाम खातं.
जेटीच्या पायऱ्यांसाठी अकरा अर्ज केलेत,
एकाचीही पोच नाही.
"लिहा तर. आणि एंटर मारा."
बोट उचलायच्या आत उत्तर:
तू इथे आहेस.
या घरात, या खोलीत, या कप्प्यात.
तिरप्या रेघांनी जोडलेला पत्ता,
पाखाडीच्या पायऱ्यांसारखा खाली उतरत आलेला.

मग एलएस. इथे काय काय आहे ते दाखव.
पाटीतून ओतावीत तशी नावं सांडली:
दर्यासारंग, मोहसीना, एकवीरा दोन,
आणि कुणीतरी घाईत लिहिलेलं
नवीन यादी खरी शेवटची.
सीडी म्हणजे त्या खोलीत जा.
सीडी, मग जागा, मग दोन टिंबं: एक पायरी मागे.
मी जागा सोडायला विसरले.
असा हुकूम सापडला नाही, म्हणाला.
एवढंच. कपाळाला आठी नाही.
मागच्या चेअरमनपेक्षा बरा.

बाबा तांडेल होते. होडीवर असंच बोलत.
सोड. आवर. ढील दे. बस.
वाऱ्यात वाक्य टिकत नाही, शब्द टिकतो.
भावांना न्यायचे. मी पुळणीवर उभी राहून
ते शब्द ऐकायचे, लाटांच्या मधल्या फटीतून.
तोंडपाठ होते मला सगळे.
द्यायला कुणी नव्हतं.

"आरएम मात्र सांभाळून," नाझनीन म्हणाली,
"इथे कचऱ्याची टोपली नाही. गेलं ते गेलं."
दोनदा आलेली एक यादी पुसायची होती.
नाव तीनदा वाचलं, मग एंटर.
नक्की का, असं कुणीच विचारलं नाही.
रेघ खाली येऊन पुन्हा उभी.
हातातून दोर सुटून गेल्यावर
तळहात गरम राहतो, तसं काहीतरी.

चहा आला. ती म्हणाली, आता हिस्टरी लिहा.
आणि दुपारभर मी लिहिलेलं सगळं
आकडे घालून समोर:
चिकटलेली दोन टिंबं, पीडब्ल्यूडीतला राहिलेला डी,
एका ठिकाणी नुसतंच माझं नाव.
वहीत चूक झाली की मी ब्लेडनं खरवडायचे,
कागद पातळ व्हायचा, पलीकडचं दिसायचं.
इथे चुकीलाही अनुक्रमांक.
"वरचा बाण दाबा," ती म्हणाली.
मागची चूक परत आली, जशीच्या तशी.
एक अक्षर बदललं. पुन्हा सोडली.
या वेळी गेली.

यादी पावणेपाचला पोचली. सत्तावीस होड्या.
नाझनीन छत्री विसरून गेली, पाऊस थांबला होता.
मी दिवा घालवायच्या आधी
उगाच एकदा लिहिलं, पीडब्ल्यूडी.
कुठे आहे ते माहीत होतं. तरी.

बाराव्या अर्जाचं सोमवारी बघू.